स्पीकरवर पडलेल्या अक्षता

मित्रांनो, उत्रोलीच्या हनुमंतरावांची पांढरी गाडी तुम्ही भोरच्या रस्त्याला कधीतरी पाहिली असेल. तिच्या मागच्या काचेखालच्या फळीवर आम्ही दोन लांबट स्पीकर बसलो आहोत. त्यातला डावीकडचा मी. वयाने जुना, रंगाने काळा आणि स्वभावाने जरा मानी.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, पाठीला जड चुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पुढे कागदाचा पातळ पडदा, एवढाच माझा संसार. पडदा थरथरला की तुम्हाला गाणं ऐकू येतं. दुसऱ्याचा आवाज पोचवणं हे माझं काम. स्वतःचं गाऱ्हाणं सांगायला मात्र मला तोंड नाही.

हनुमंतरावांनी ही गाडी जुनीच घेतली. घेताना म्हणाले होते, "इंजिनाचं बघू, पण स्पीकर एक नंबर हाय." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं जगलो. पुढे त्यांचं गाणी ऐकणं सुटलं. आता आमच्यातून फक्त मोबाईलवरचं बोलणं जातं, तेही भाताची पोती कधी उचलायची एवढंच.

गेल्या दसऱ्याला त्यांच्या पत्नी माधुरीताईंनी गाडीची पूजा केली. बॉनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. घरातल्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू मिळतं, मग स्पीकरनंच काय घोडं मारलंय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी आमच्यावरही मूठभर अक्षता टाकल्या. माझ्या जाळीचा कोपरा तुटलेला, त्यामुळे दाणे थेट पडद्यावर आले. मान मिळाला म्हणून मी आपला खूश. वर ताईंनी लोकरीचा विणलेला रुमाल अंथरला आणि तांदूळ दिसेनासे झाले.

नुसत्या बोलण्यात त्या दाण्यांचा त्रास कळला नाही. कळलं ते शिवानीच्या गाण्यात. शिवानी ही त्यांची मुलगी, नववीत शिकते. तिने गायनाच्या स्पर्धेसाठी शाळेतल्या ढोलकीच्या साथीवर गाणं मोबाईलमध्ये भरलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मॅडमना पाठवायचं होतं. भोरला जाताना तिने ते मोठ्या हौसेने गाडीत लावलं. ढोलकीचा ठेका पडला की माझ्या पडद्यावर तांदूळ उड्या मारायचे आणि खर्र, खर्र व्हायचं.

हनुमंतराव म्हणाले, "आवाज फाटतोय गं."

ते माझ्याबद्दल बोलत होते. स्पीकर बिघडला की आमच्याकडे तो फाटला असंच म्हणतात. पण वरच्या सुरात गळा चिरकला तरी आवाज फाटला असंच म्हणतात. शिवानीने तोच अर्थ घेतला. तिने गाणं बंद केलं. मग हळूच म्हणाली, "पप्पा, मी न्हाई पाठवत गाणं. दुसरीला घ्या म्हणते मॅडमला."

"का गं?"

"असंच."

मला फार वाईट वाटलं. पोरी, तुझा गळा साफ आहे, खोट माझ्यात आहे, एवढं मला सांगता आलं असतं तर!

भोरात नागसेनचं गाड्यांचे टेप बसवायचं दुकान आहे. हनुमंतरावांनी गाडी तिथे लावली. नागसेनने आवाज फक्त उजवीकडे वळवला. साफ. मग डावीकडे वळवला. खर्र. डिकीतून हात घालून त्याने आम्हा दोघांच्या वायरींची अदलाबदल केली, तरी खरखर माझ्याकडेच राहिली.

"टेप आन वायर चांगली हाय, आण्णा. ह्यो डावा स्पीकरच फाटला वाटतं," असं म्हणून त्याने नव्याचा खोका काढला.

दाराशी उभी असलेली शिवानी पुढे आली. "म्हंजे आवाज स्पीकरचा फाटतोय? माझा न्हाई?"

"तुझा कोण म्हनलं?" हनुमंतरावांनी विचारलं.

"तुमीच की."

हनुमंतरावांनी कपाळावर हात मारला. "आगं, मी स्पीकरला म्हनलो, येडे. तुझं गाणं लई ग्वाड हाय."

मला काढायला नागसेनने रुमाल उचलला, जाळी सोडवली आणि हसायलाच लागला. "वहिनींनी ह्याचं लगीन लावलंय का काय?" त्याने मला उलटं केलं. कुंकवाने लाल झालेले दाणे त्याच्या हातावर पडले. मऊ ब्रशने त्याने मला झाडलं, बोटांनी पडदा हलकेच दाबून पाहिला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. ढोलकी खणखणीत वाजली. "ह्याला काय धाड भरली न्हाई. हाच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. नवा खोका परत गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. शिवानीने तिथेच उभ्या उभ्या गाणं पाठवून दिलं.

मित्रांनो, खरखर ऐकू आली की कुणाला लगेच निकामी ठरवू नका. आधी वरचा रुमाल उचलून बघा. आमची पूजा कोरड्या फडक्याने केलीत तरी पुरे. आणि कुणाचा आवाज फाटतोय ते नीट नाव घेऊन सांगा, कारण ऐकणारं माणूस शेजारीच बसलेलं असतं.

घरी परतताना पुढच्या सीटवर शिवानी आपणहून गायला लागली. हनुमंतरावांनी हात लांबवून माझा आवाज पार बंद केला. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी मीही गप्प बसून ऐकलं.