एकच बटण द्या

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणत. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. मेकॅनिकांच्या फोनमध्ये जे सॉफ्टवेअर असतं ते नीट चालतंय का, त्यांना आणखी काय हवंय, हे विचारत फिरायचं आणि तसे बदल करून घ्यायचे, हे तिचं काम. इतकी वर्षं हेच करून तिचा जीव विटला होता. माणसं मागतात एक, त्यांना हवं असतं भलतंच, आणि हातात दिलं की वर तोंड करून विचारतात, आम्ही असं कधी म्हणालो? घरीही तीच तऱ्हा. जेवायला काय करू म्हणून नवऱ्याला विचारावं, तर तो "काहीही कर" म्हणायचा आणि ताट समोर आलं की तोंड पाडून बसायचा.

दुरुस्ती झाली की मेकॅनिकला फोनवर एक फॉर्म भरावा लागे. कुठला भाग बदलला, तेल घातलं का, दार नीट लागतं का, असा मारुतीच्या शेपटासारखा लांबतच जाणारा. तिनं झाडून सगळ्या मेकॅनिकांना विचारलं, तर सगळ्यांचं एकच म्हणणं. "ताई, हा फॉर्म भरता भरता जीव जातो. एकच बटण द्या. काम झालं, दाबलं, सुटलो!"

सगळे एकच गोष्ट मागतायत असं तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. तिला अगदी आभाळ ठेंगणं झालं. फॉर्म गेला, हिरवं बटण आलं. दिवसाची कामं वाढली आणि साहेब तिच्यावर खूश झाले.

मग तक्रारी सुरू झाल्या. फोन तापतो. अक्षरं बारीक आहेत. हिरवा रंग डोळ्यांना खुपतो. तिनं निमूटपणे अक्षरं मोठी केली, रंग बदलला, तरी कुरकुर थांबेना. वर मेकॅनिक बटण वेळेवर दाबेनासे झाले. लिफ्ट सुरू झाल्याची खबर लिफ्टच ऑफिसला देते, त्यामुळे चोरी लगेच उघडी पडायची. सगळ्यात जास्त उशीर मामांचा. मामा म्हणजे सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांना नोटीस गेली होती आणि आणखी एक गेली की त्यांना घरीच बसावं लागणार होतं.

"मामांचं काय बिनसलंय ते एकदा बघून या," साहेब म्हणाले. "नाहीतर माझाही नाइलाज आहे."

ती मामांबरोबर निघाली. इमारत जुनी, लिफ्ट बंद, मोटार गच्चीवरच्या खोलीत. मामा गुडघ्यावर हात टेकत टेकत जिने चढले. मोटार उघडली, घासली, पुसली, दोरांना हात लावून पाहिला. लिफ्ट कुरकुरत हलली आणि सुरळीत चालायला लागली. मामा गच्चीच्या पायरीवर बसले, फोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"मामा, दाबा की आता."

"दाबतो ना ताई. घाई काय आहे?"

"अडकतंय का? दिसत नाही का नीट?"

"छे, छान आहे बटण. तुम्ही मेहनत घेतलीत हो." मामांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, घडी घालून परत ठेवला. मग नाइलाजानं बटण दाबलं. हात बाजूला होतो न होतो तोच फोन वाजला. पुढचा पत्ता, पुलापलीकडचा, ताबडतोब निघा. मामा कठडा धरून उठले.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मामा, पूर्वी फॉर्म भरायचात तेव्हा कुठे बसायचात?"

"असंच, कुठंतरी. पायरीवर." मामांनी तिची नजर टाळली. "पण फॉर्म फार लांब होता हो."

तिला आधी मामांचाच राग आला. सांगायला काय तोंड शिवलं होतं? मग वाटलं, कुणाला सांगणार? ऑफिसातून लॅपटॉप घेऊन आलेल्या बाईला, मला जरा बसायचंय म्हणून? मागता येण्यासारखं जे होतं तेच त्यांनी मागितलं, आणि तिनं ते देऊन त्यांची हक्काची पायरी काढून घेतली. आता हे साहेबांना सांगायचीही सोय नव्हती. "म्हणजे इतकी वर्षं फॉर्मच्या नावाखाली बसून काढली?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांनाच नोटिसा धाडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर जाऊन बसली. "बटणाआधी सुरक्षेची तपासणी घालू या. दाराचा फोटो, मोटारीचा फोटो, आणि लिफ्ट थोडा वेळ रिकामी चालवून आवाज ऐकायचा. तोवरचा वेळ उशिरात धरायचा नाही."

"हे कोणी मागितलं?"

"मेकॅनिकांनीच." आयुष्यात पहिल्यांदा ती कामात धडधडीत खोटं बोलली आणि तिची पापणीही लवली नाही.

"कामं कमी होतील."

"होतील. पण उद्या कुठे अपघात झाला तर दाखवायला आपल्याकडे काय आहे?"

अपघात म्हटल्यावर साहेब सरसावून बसले. थोडी घासाघीस झाली, आवाज ऐकण्याचा वेळ निम्म्यावर आला, पण तपासणी मंजूर झाली. मामांची नोटीसही त्यांनी मागे घेतली. ती उठणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "बसा हो. किती दमलेल्या दिसताय! सगळ्यांना काय हवंय ते विचारत फिरता, तुम्हाला कोणी विचारलं नसेल. सांगा, तुम्हाला काय हवंय? अगदी मोकळेपणानं सांगा."

महिनाभर कुणाचा फोन नको, कुणाला काही विचारायला नको, नुसतं खिडकीपाशी बसायचंय, हे अगदी ओठांवर आलं. साहेब पेन उघडून वाट बघत होते.

"लॅपटॉप फार हळू चालतो," ती म्हणाली. "नवा मिळाला तर बरं होईल."

"एवढंच ना? सोमवारी टेबलावर असेल," साहेबांनी खुशीत लिहून घेतलं. "मग बघा, दुप्पट कामं होतील तुमची."