एकाच ग्लासातून

तिने ग्लास गोल फिरवला, आत नाक घातलं आणि डोळे मिटले. आजही काहीच नव्हतं. काचेच्या त्या पोकळीत नुसती गार हवा होती.

टेबलाभोवती सगळे थांबले होते. आईने वाढायचा डाव हातातच धरला होता, धाकट्या भावाने मोडलेला पावाचा तुकडा तसाच ताटलीत ठेवला होता, आणि समोर बसलेले बाबा निकालाच्या दिवशी पोरांनी मास्तरांकडे बघावं तसे तिच्या तोंडाकडे बघत होते. या घरातली रीतच होती तशी. बाबांनी आपल्या मळ्यातली नवी वाइन टेबलावर आणली की पहिला घोट लेकीचा, त्याच ग्लासातून दुसरा घोट बाबांचा, आणि लेक काय ते बोलेपर्यंत बाकी कुणी आपल्या ग्लासाला हात लावायचा नाही. लहान होती तेव्हा ती नुसता वास घ्यायची. मोठी झाल्यावर घोटही घेऊ लागली, पण दोघांचा ग्लास मात्र एकच राहिला.

आता तर ती नावाजलेली वाइन-समीक्षक होती. दर आठवड्याला वर्तमानपत्रात तिचं सदर यायचं. ती दुकानात शिरली की "नाक आलं, नाक आलं" अशी कुजबुज व्हायची. ती वरवर चिडायची, पण आतून तिला ते आवडायचं. तिने एखाद्या वाइनला नाक मुरडलं की ती वाइन वर्षभर फळीवर धूळ खात पडायची, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तोराही होता.

मागच्या खेपेला ती घरी आली होती ती सर्दी घेऊनच. चार दिवसांनी सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. तेव्हापासून रोज सकाळी ती कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरायची, काडी ओढून विझवायची आणि तो धूर हुंगायची. येईल, नाहीतर नाही येणार, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. धीर धरा म्हणायला डॉक्टरांचं काय जातंय! सदर ती जुन्याच शब्दांवर चालवत होती. कुठे चारचौघांत चव घ्यायची वेळ आली, तर आधी दुसऱ्यांचे चेहरे वाचायची आणि मग त्यात आपली भर घालायची. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण आज येईल की उद्या, ही धास्ती तिच्या उशाशी निजत होती.

आणि इथे तर तिनेच आधी बोलायचं होतं. वाचायला एकही चेहरा नव्हता.

इतक्यात धाकटा अचानक उठला आणि त्याने खिडकी सताड उघडली. बाहेर बोचरा वारा होता. आई घाईने स्वयंपाकघरात गेली, पातेल्याचा आवाज झाला, आणि ती परत येऊन दोघांकडे बघत आपल्या जागी बसली.

"काय झालं रे?" तिने विचारलं. आवाज जरा चिरकाच आला.

"काही नाही, ताई. तू घे."

तिने घोट घेतला. आंबट, थोडी तुरट, एवढंच जिभेला कळलं. बाकी रंगीत पाणी. रंग मात्र छान होता, गडद आणि नितळ. तिने मनाला समजावलं, बाबांचा उभा जन्म यात गेला, त्यांची वाइन कधी बिघडलीय? आणि डोळे मिटून विहिरीत उडी मारावी तशी ती बोलली.

"पिकलेली फळं. मागे थोडं लाकूड. स्वच्छ आहे, बाबा. भरा बाटल्या."

बाबांनी रोखलेला श्वास सोडला. तिच्या हातून ग्लास घेतला, नाकाशी नेला, घोट घेतला आणि मान डोलावली.

"अगदी बरोबर बोललीस."

मग सगळ्यांनी ग्लास उचलले. धाकट्याने घोट घेतला आणि तो थबकला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि घोट कसाबसा गिळला.

"बाबा, मला जरा..."

"तुला काय जरा? तू आपलं बाटल्यांवरच्या लेबलांचं काम बघ," बाबा म्हणाले.

"याला लिंबाचं सरबत दिलं तरी उंची वाइन म्हणून पिईल," ती सवयीने म्हणाली. हा विनोद जुना होता. सगळे हसले. धाकटाही हसला, पण थोडा उशिरा. जेवण संपेपर्यंत त्याचा ग्लास होता तेवढाच भरलेला राहिला, आणि तिची नजर सारखी त्या ग्लासाकडे जात होती.

उद्या सकाळी बाटल्या भरायच्या यंत्राची गाडी येणार होती. तळघरातल्या सगळ्या पिंपांतली वाइन एकदा का बाटल्यांत गेली, त्यावर बुचं बसली, की दुकानांत पोहोचायला किती वेळ? आणि ती खपणार होती ती बाबांच्या नावावर. ती बिघडलेली निघाली तर या वयात त्यांना पुन्हा नाव कमवता आलं नसतं. तिने ताटली बाजूला सरकवली.

जेवण झाल्यावर बाबा पिंपं बघून येतो म्हणत खाली गेले. थोड्या वेळाने तीही उठली. काय सांगायचं ते तिने ठरवलं नव्हतं, पण वर बसवतही नव्हतं. लहानपणी या पायऱ्यांवर पाऊल टाकलं की तळघराचा वास आपणहून भेटायला यायचा. ओलं लाकूड, आंबलेली द्राक्षं, भिंतीची माती. आज नुसता गारवा अंगावर आला.

बाबा पाठमोरे उभे होते. त्यांनी एका पिंपाचं बूच काढलं होतं आणि त्या भोकाला नाक लावून ते श्वास घेत होते. पुन्हा घेत होते. पुन्हा. मग त्यांनी बूच बसवलं, फळीवरून एक डबा काढला, झाकण उघडून नाकाशी धरला. कॉफीचा डबा. तो ठेवून त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली, फुंकर मारून विझवली आणि धुराची ती बारीक रेघ नाकाखाली धरली.

तिने भिंतीला हात टेकला.

"बाबा."

चोरून विडी ओढताना सापडलेल्या पोराने लपवावी तशी त्यांनी काडी पाठीमागे लपवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी विझलेली काडी पेटीत परत ठेवली. मग म्हणाले, "तू मागे आली होतीस ना, सर्दी घेऊन. तेव्हापासून."

तिला आठवलं. वेगळा ग्लास घे गं, नाक गळतंय तुझं, असं आई ओरडली होती. आणि बापलेक दोघंही हसले होते. वेगळ्या ग्लासातून कधी चव घेतात का?

"तुला सांगितलं नाही, कारण तू मनाला लावून घेतलं असतंस," बाबा म्हणाले. "आईलाही नाही बोललो. खूप घाबरलो होतो गं. रात्र रात्र झोप नव्हती. या पिंपांत काय चाललंय, मला काही कळत नव्हतं. म्हटलं, पोरगी येईल, ती सांगेल. आता तू भरा म्हणालीस ना, संपलं. आता मला कसली चिंता?"

आणि ते हसले. ती घरी आल्यापासून पहिल्यांदाच असे मोकळे हसले. तिला वाटलं, गप्प राहावं. एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं होतं.

"बाबा, मलाही येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. मला कसलाच वास येत नाही."

बाबा हळूच उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. "मग ती पिकलेली फळं?"

"तेच लिहिते मी हल्ली. सगळ्यांनाच."

"आणि मी म्हटलं, अगदी बरोबर बोललीस." त्यांचे ओठ हसायला म्हणून हलले, पण हसू काही आलं नाही.

"झालं का बोलून दोघांचं?" वरच्या पायरीवरून आईचा आवाज आला. ती कठड्याला धरून उभी होती. "मघाशी दूध करपलं. पातेलं काळं झालं, घरभर वास सुटला. पोराने खिडकी उघडली. आणि तुम्ही दोघं ग्लासात नाक घालून बसला होतात! तेव्हाच समजले मी."

"मग बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही दोघं बोलायला लागलात की या घरात दुसरं कोण बोलतं?"

बाबांनी पिंपावरचं बूच उगाचच दाबून बघितलं.

"तू प्यायलीस ना? कशी होती?" तिने आईला विचारलं.

"मला तुमची सगळी वाइन सारखीच लागते, बाई. त्याला विचारा." आणि आईने मागे वळून हाक मारली.

धाकटा हात पुसत खाली आला. बाबांनी पिंपातून तोच ग्लास भरला, टेबलावरचा, दोघांचा. खाली येताना ती तो नकळत हातात घेऊनच आली होती. बाबांनी सदऱ्याच्या टोकाने त्याची कड नीट पुसली आणि ग्लास मुलापुढे धरला.

त्याने तो घेतला नाही. "मला त्यातलं काय कळतंय, बाबा?"

हे वाक्य त्याला कुणी शिकवलं, ते तिला माहीत होतं. बाबांनाही माहीत असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

"तुला जे वाटेल ते सांग," ती म्हणाली.

धाकट्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला. आत नाक घातलं. जास्त वेळ नाही, एकच श्वास. मग त्याने मान वर केली, बाबांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस ती स्वतःच्या भीतीत इतकी बुडाली होती, की दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत भीती दिसेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता ती धाकट्याच्या डोळ्यांत होती.

"रागावणार नाही ना, ताई?" त्याने विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली, आणि तिने बाबांचा हात घट्ट धरला. "बोल तू."