जोराचा ठोका

टक. ठाक. टक.

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, मित्रांनो. आयुष्यभर मी शब्दांचे तुकडे वाजवत आलो. त्यामुळे मला सलग बोलता येत नाही. त्यात आता थकलो आहे. माझी गोष्ट तुकड्यांनीच ऐका.

टक.

मला लाकडी बूट व्हायचे होते. मेपल गावच्या बूटवाल्याने पॉपलर झाडाचा एक ओंडका कोरायला घेतला. टाचेपाशी बारीकशी चीर गेली. असला बूट चिखलात काय कामाचा? पण त्याने मला चुलीत घातले नाही. पोट पोकळ करून, बाजूला फट ठेवून त्याने मला गावच्या शाळेला देऊन टाकले.

ठाक.

शाळेत माझे फार कौतुक झाले. आमच्या भाषेत शब्दाला शब्द चिकटवून आगगाडीएवढा लांब शब्द करतात. मुले त्याच्यापुढे घाबरून उभी राहत. मग बाई त्यांच्या हाती काठी देत. तोंडातून एका झटक्यात निघेल तेवढ्या तुकड्याला एक ठोका. एक तुकडा मात्र सगळ्यांचा म्होरक्या. त्याच्यावर ठोका जोरात.

फर-यार-दाख्स-का-लेन-दर. म्हणजे वाढदिवसांची दिनदर्शिका, आमच्याकडे संडासाच्या भिंतीवर टांगतात ती. टक ठाक टक टक टक टक. म्होरक्या पहिलाच असतो असे नाही, हे मुलांना तिथे कळे. जोर चुकला की सगळे तुकडे जागच्या जागी असूनही शब्द परका वाटे, आणि वर्ग हसत सुटे.

पुढे मुलांच्या कानांवर शब्द ऐकवणारी यंत्रे आली. मी कपाटात गेलो, वाळलेल्या रंगांच्या डब्यांमागे. किती वर्षे, ते मला ठाऊक नाही. तिथे काही वाजत नव्हते.

टक.

शाळेने जुने सामान काढले तेव्हा रैनाने मला उचलले. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा अडते, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. तिच्याकडे रूलॉफ येई.

रूलॉफने सारा जन्म कालव्यावरचा पूल वर-खाली करण्यात घालवला होता. पुलाशेजारच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटवाल्यांची टिंगल करणे हा त्याचा खरा धंदा, असे गाव म्हणे. झटक्यानंतर त्याला सगळे कळत होते, पण शब्द बाहेर येताना सगळे तुकडे सारख्याच जोराने येत. जणू कोणी विटा मांडतो आहे.

"रूलॉफ, सगळे तुकडे एकदम धरू नका," रैना म्हणाली. "जोराची जागा पकडा. बाकीचे येतात मागून."

तिने मला त्याच्या घरी धाडले.

टक. टक. टक.

रोज सकाळी स्वयंपाकघरात ठोके. रूलॉफ दमे, मी दमे, आणि त्याची बायको हिलेखीन सर्वांत जास्त दमे. तिला त्याचे अडखळणे पाहवत नसे. म्हणून तिने त्याचे शब्द पुरे करायला सुरुवात केली. पाववाल्याकडे, फोनवर, शेजाऱ्यांशी. त्याने तोंड उघडले की वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडे. हे ती मायेनेच करी. तो हळूच काठी खाली ठेवी.

टक.

नोव्हेंबरात टोपीत चिठ्ठ्या पडल्या. आमच्याकडे संत निकोलासच्या सणाला ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, त्याच्यासाठी भेट घ्यायची आणि त्याची थट्टा करणारी कविता लिहायची. ज्याची थट्टा, त्यानेच ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायची. यातून आजवर आजारी माणूसही सुटला नव्हता.

हिलेखीनने रूलॉफची चिठ्ठी टोपीत टाकलीच नाही. त्याच्यासाठी मोजे आणले आहेत, कविता नको, असे तिने मुलीला, फेनाला, कानात सांगितले.

रूलॉफने टोपी पालथी केली. चिठ्ठ्या उलगडल्या. पुन्हा उलगडल्या.

"मी," तो म्हणाला. "मी... नाही."

"सगळ्यांसमोर अडखळशील रे. कशाला स्वतःची शोभा करून घ्यायची?"

"शोभा," तो म्हणाला. "माझी."

हिलेखीन भांडी घासायला वळली. फेनाने कागदाचा कपटा फाडला, त्यावर बापाचे नाव लिहिले आणि सरळ आपल्या खिशात घातला.

ठाक.

सणाच्या संध्याकाळी टेबलावर मसाल्याची बिस्किटे होती, कॉफी होती, आणि कडेला मी. फेनाने बापावर दया केली नव्हती. कविता होती त्याच्या जुन्या पराक्रमाची. महापौरबाईंची गाडी पलीकडे अडकली होती, आणि

पूल राहिला आभाळाला टेकून,
बाबा बसले बोटवाल्याशी गप्पा ठोकून.

एवढे त्याने वाचले. हळू, पण वाचले. मग आला तो लांबलचक शब्द, पुलाशेजारच्या त्या खोलीचा. रूलॉफचे ओठ मिटले. कानशिले लाल झाली. रूलॉफचा मेव्हणा कपात पाहू लागला.

हिलेखीनच्या तोंडात शब्द आला होता. "ब्रु..."

फेनाने आईचा हात दाबला. "आई, तो शब्द बाबांचा आहे."

रूलॉफने मला जवळ ओढले. काठी नव्हती. बोटाच्या पेराने त्याने मारले. पहिलाच ठोका जोराचा.

ठाक टक टक टक टक.

"ब्रुख-वाख-तर्स-हौस-ये," रूलॉफ म्हणाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेव्हणा म्हणाला, "चला, पूल आता तरी खाली येईल." सगळे हसले. रूलॉफवर हसले, पूर्वीसारखे. हिलेखीन हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी महापौरबाईंचा फोन मीच घेतला होता. म्हटलं, भोंगा वाजवा, ऐकला तर ऐकेल."

"गप्प," रूलॉफ म्हणाला. "अजून... दोन पानं आहेत."

त्याने ती वाचली. कॉफी गार झाली.

टक.

मित्रांनो, रूलॉफ आजही अडखळतो. माझे ठोके संपलेले नाहीत आणि माझा थकवाही. मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणत नाही. कधी कोणाचा शब्द तुमच्यापुढे अडकला, तर तो तुमच्या जिभेवर तयार असेल, अगदी सोपा, अगदी बरोबर.

तो गिळा.