मुद्दाम बिघडवलेली भिंत

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला दोरीला लोखंडी वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. याच्या भिंतीला तो लावायची गरजच पडत नाही, अशी चाळीस वर्षांची ख्याती. आणि एवढ्या माणसाला साठाव्या वर्षी पोटच्या पोरीकडून ऐकून घ्यावं लागलं, "बाबा, गिलावा फार छान झालाय. म्हणूनच चालणार नाही."

लेक घरं सजवण्याचा दोन वर्षांचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडली होती. पहिलंच काम मिळालं, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बैठकीच्या खोलीचं. तिथल्या मोठ्या भिंतीला बाईंना 'रस्टिक' गिलावा हवा होता. म्हणजे खडबडीत, उंचसखल, थापीचे फटकारे दिसणारा. घरात गवंडी असताना बाहेरचा कशाला, म्हणून लेकीने हौसेने बापालाच कामावर घेतलं. त्या हौसेचं पुरतं मातेरं होत आलं होतं.

तिचं चुकलं असंही नाही. काम सुरू करण्याआधी आठवडाभर तिने फोटोंची जाडजूड फाइल उघडून बापाला एकेक शैली शिकवली होती. मिनिमल म्हणजे मोजकं सामान. "आम्ही लग्नानंतर दहा वर्षं याच शैलीत राहिलो," ओळंबा म्हणाला. बोहो म्हणजे रंगीबेरंगी, चार ठिकाणचं एकत्र केलेलं. "हे तुझी आई घर आवरायच्या आधीचं." मग इंडस्ट्रियल आलं. उघड्या विटा, छताखालून गेलेले पाइप. ओळंब्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "याचा गवंडी अर्ध्यात पळाला वाटतं." लेक हसली नाही. तिने रस्टिकचं पान उघडून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे नीट बघा. हे आपल्याला करायचंय."

बघितलं त्याने. न कळायला तो काही खुळा नव्हता. डोक्याला कळलं होतं, हाताला कळत नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी भिंत चांगली खडबडीत होत होती. चहा झाल्यावर हात आपसूक गिलावा घोटून सपाट करायच्या रंध्याकडे गेला आणि दुपारपर्यंत सगळी भिंत सपाट. ती खरवडून काढली. दुसऱ्या वेळी लेक डोळ्यांत तेल घालून मागे उभी राहिली. मध्ये एक फोन घ्यायला बाहेर गेली, त्यात तास गेला. परत येते तर काय, भिंत पाटीसारखी गुळगुळीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता येत होतं आणि अंगण वाकडं करून द्यायचं होतं, तेच जमेना.

डॉक्टरीणबाई आल्या. भिंतीवरून बोट फिरवलं. "हे तर माझ्या दवाखान्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "तुमचा कोर्स पूर्ण झालाय ना?"

लेकीचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी शांतपणे सांगितलं, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट बघते, नाहीतर दुसरं कुणीतरी शोधते. ओळंबा कोपऱ्यात थापी धूत उभा होता. त्याला आयुष्यात कुणी कामावरून बोललं नव्हतं. आज त्याच्या चांगल्या कामापायी पोरीचं शिक्षण निघालं.

तीही भिंत त्याने खरवडून काढली आणि घरी जाताना दोघांचं वाजलं.

"उद्या दुसरा गवंडी आणते," लेक म्हणाली.

"आण की. आळशी गवंड्यांना काय तोटा आहे."

"आळशी नाही, बाबा. ऐकणारा."

"मी ऐकत नाही? दोन वेळा भिंत खरवडली मी."

"कारण दोन वेळा बिघडवलीत."

"बिघडवली?" ओळंबा रस्त्यातच थांबला. "अगं, बिघडवता आली असती तर भांडण कशाचं होतं?"

घरी आईने दोघांचे चेहरे पाहिले. "जित्याची खोड," एवढंच म्हणून तिने पानं वाढली. ओळंबा खाली मान घालून जेवला. त्याला राग कुणाचा आला होता तेच कळत नव्हतं. बाईंचा, त्या फाइलचा, की आपल्याच उजव्या हाताचा.

गुरुवारी सकाळी लेक फोनवर दुसऱ्या गवंड्याचा नंबर शोधत होती. ओळंबा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "आजचा दिवस दे."

"आणि परत तेच झालं तर?"

"तर गवंडी मी शोधून देतो."

भिंतीपुढे उभं राहून त्याने पिशवीतून ओळंबा काढला, वजन सोडवून खिशात टाकलं आणि दोरी लेकीपुढे धरली. उजवा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या पट्ट्याला टेकवला.

"बांध."

"काय करताय?" लेकीने विचारलं.

"हा ऐकणाऱ्यातला नाही. बांध."

तिने बांधला. गाठ सैल झाली तेव्हा त्याने पुन्हा घट्ट करून घेतली. मग डाव्या हातात थापी. पहिल्या थापीचा निम्मा माल पायांवर पडला. दुसरी भिंतीला चिकटली, पण कशीही, कामावर पहिल्याच दिवशी आलेल्या पोराने फेकावी तशी. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. दारावरून कुणी ओळखीचा गेला तर काय तोंड दाखवायचं, या धास्तीने त्याने दार लावायला सांगितलं. दर थोड्या वेळाने मागचा हात दोरीला हिसका देई. दुपारी तीनला भिंत संपली, चांगली वेडीवाकडी.

"बाबा, हेच," लेक म्हणाली. "अगदी हेच."

ओळंब्याला काडीचा आनंद झाला नाही. "सोड आता," तो म्हणाला. तिने गाठ सोडली आणि फोटो पाठवायला बाहेर गेली. हत्यारं आवरायला तो एकटाच मागे थांबला.

शुक्रवारी बाई आल्या. भिंतीवरून तळवा फिरवत टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. "यात माणसाचा हात दिसतो," त्या म्हणाल्या. "कुणी केलं हे?"

"माझ्या..." लेक अभिमानाने सुरुवात करत होती.

"एक डावखुरा होता," ओळंबा मध्येच म्हणाला. "गेला तो."

बाईंनी तिथल्या तिथे झोपायच्या खोलीचं कामही लेकीला दिलं आणि पडद्यांची मापं बघायला आत गेल्या. लेक सोफा सरकवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर वर, दोन तळहातांएवढा तुकडा गुळगुळीत होता. आरशासारखा. कडासुद्धा पट्टी लावून काढल्यासारख्या सरळ.

तिने बापाकडे पाहिलं. ओळंबा खिडकीबाहेर बघत होता, जणू तिकडे फार महत्त्वाचं काही चाललं होतं. तिने त्या तुकड्यावरून हळूच हात फिरवला.

"सोफा खिडकीखाली येणार ना?" आतून बाईंनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "थोडा बदल केलाय. तो या कोपऱ्यात येईल."

बापलेकीने मिळून सोफा ढकलला. भिंतीला तो सरळ लागलाय की नाही, हे ओळंब्याने तीनदा वाकून पाहिलं.