उंबऱ्यावर पाणी सांडणारा तांब्या

मी एक जुना तांब्या आहे, मित्रांनो. बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात माझा जन्म झाला. तांबटाने ठोकून ठोकून मला पोट दिले आणि झ्द्राव्का नवी नवरी होऊन या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मीही आलो. आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघाले की त्याच्यापुढे उंबऱ्यावर पाणी सांडतात, म्हणजे काम पाण्यासारखे सुरळीत होते. ते पाणी माझेच. परीक्षा, लग्न, लष्करातली भरती, सगळ्यांना मीच वाटेला लावले. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मग झ्द्राव्काच्या मुलाला, कामेनला, पोलिसांनी भलत्याच संशयावरून बाजारातून उचलून नेले. परतला तो एका कानाने बहिरा होऊन. "जिन्यावरून पडला," असे पोलीस म्हणाले. पोलिसांनी मारले म्हणून कामेन कोर्टात गेला, तर गावच्या कोर्टानेही तेच म्हटले आणि वरच्या कोर्टानेही. दोन्ही वेळा पाणी मीच सांडले होते!

"मेल्याचा काही उपयोग नाही," असे म्हणत झ्द्राव्काने मला मिरच्यांच्या बरण्यांमागे ढकलले. मला फार लागले ते.

"आई, इथली कोर्टं पुरे झाली," कामेन म्हणाला. "आता थेट परदेशात, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जाऊ."

तेवढ्यात त्यांची वकील मिलेना कॉफीला आली. "मावशी, राजधानीतलं, सोफियातलं, देशाचं शेवटचं कोर्ट अजून बाकी आहे. ते टाळलं तर स्ट्रासबर्गवाले आपलं ऐकूनच घेणार नाहीत. आधी तुमच्या घरच्या कोर्टांना विचारून या, म्हणतील."

"घरचे काय सांगणार? जिना आणि जिना!" झ्द्राव्का फणकारली.

"सांगू देत ना. चूक सुधारायची संधी त्यांना द्यावीच लागते."

"द्या संधी," कामेन कुरकुरला. "मी आहेच पडायला."

 झ्द्राव्काने मला बाहेर काढून मीठ-व्हिनेगरने लख्ख घासले. सकाळी तिने इतके पाणी ओतले की कामेनचे बूट भिजले.

"अगं, सोफियाला चाललोय, पोहायला नाही!"

सोफियातही तो हरला. पण या वेळी घरात कुणी रडले नाही. "हरलास ना? झालं तर मग," झ्द्राव्का म्हणाली, आणि स्ट्रासबर्गचा अर्ज टपालात टाकायला निघालेल्या मिलेनापुढेही तिने पाणी सांडले.

वर्षे गेली. मी पुन्हा काळवंडलो. मग एका दुपारी मिलेनाचा फोन आला. "मावशी, स्ट्रासबर्गचा निकाल लागला. कामेन जिन्यावरून पडला नव्हता. त्याला पोलिसांनी मारलं होतं, असं कोर्टानं म्हटलंय."

"सुटले गं बाई," म्हणत झ्द्राव्का खालीच बसली आणि पोटभर रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला घासा, न घासा, माझे काही म्हणणे नाही. पण कुणी "मला मारलं" म्हणत तुमच्या दारी आले, तर त्याचे नीट ऐकून घ्या. आमच्या कामेनला तेवढ्यासाठी परक्या देशाचे दार ठोठावावे लागले.