इंदिरानगरचा लॉर्ड

चिमाजीराव विलायतेला गेले ते पाटबंधाऱ्याचे कंत्राटदार म्हणून, आणि परत आले ते लॉर्ड होऊन. मधे जेमतेम पंधरवडा गेला होता. ज्या माणसाने बांधलेल्या पाटातून टोकाच्या शेताला कधी पाणी मिळालं नाही, तो माणूस सहलीच्या बसमधून इंग्लंडातल्या चार सरदारांचे वाडे बघून आला आणि अख्ख्या नाशिकला शहाणपण शिकवायला लागला.

हे साल चौऱ्याऐंशी. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. मुलं मला लताबाई म्हणत. चिमाजीरावांच्या मुलीला, वैजूला, मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायला जायचे, म्हणून ती सगळी वर्णनं मला इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकावी लागली. शंभर खोल्या. भिंतीवर सांबरांची डोकी. जेवणाचं टेबल एवढं लांब की या टोकाचा माणूस त्या टोकाला ओळखू येत नाही. हे सांगताना त्यांचे डोळे पाणावत.

"आत जायला तिकीट होतं का?" मी एकदा विचारलं.

"होतं ना! रांग होती रांग!"

"आणि लॉर्डसाहेब?"

"ते मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहतात. छप्पर गळतं म्हणे, दुरुस्तीला पैसे नाहीत. त्यांच्या मातोश्री तबेल्यात चहा-केकचं दुकान चालवतात. स्वतःच्या हाताने केक दिला मला! केवढा साधेपणा!"

मला हसू आवरेना. आपल्याकडे कोणी आजोबांचा पलंग दोरी बांधून लोकांना तिकिटावर दाखवला असता, तर त्याला लोकांनी जत्रेतला तंबूवाला म्हटलं असतं. पण हा तंबू दगडी होता आणि त्याचा मालक गोरा होता. तेवढं आमच्या चिमाजीरावांना पुरलं. ते दगड कुणाच्या पैशाने रचले, कुठल्या बेटावर कुणाच्या पाठीवर चाबूक ओढून त्या पैशाची साखर पिकली, आपल्याकडून किती पोती भरून रुपये नेले, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. एका लॉर्डाने म्हणे खिडकीतून झोपड्या दिसतात म्हणून समोरचं गावच उचलून टेकडीमागे नेलं होतं. हेही चिमाजीरावांनी मला कौतुकानेच सांगितलं. "दृष्टी बघा केवढी!" म्हणाले.

मग त्यांनी बंगला बांधायला काढला. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं. बाभळी तोडून प्लॉट पाडले होते आणि मधूनमधून कोबीची शेतं शिल्लक होती. त्या कोबीच्या शेजारी दोन बुरूज उभे राहिले. बुरुजांना तोफेची भोकं ठेवली. तोफ कुणावर डागायची होती ते देवाला माहीत, समोर तर पिठाची गिरणी होती. दिवाणखान्यात शेकोटीसाठी कोनाडा केला. नाशिकच्या मे महिन्यात त्या कोनाड्यात झुंबर नावाचा आचारी कांदे पसरून ठेवायचा. दारात उभं करायला लोखंडी चिलखत हवं होतं, ते कुठून मिळणार? म्हणून तांबट आळीतून पितळेचं ठोकून आणलं. ते चिंच लावून घासलं की थेट आंघोळीच्या बंबासारखं चमकायचं. फाटकावर नाव लिहिलं, 'कॅसल'. पोस्टमन त्याला 'कासलीवाल' समजून शेजारच्या गल्लीतल्या मारवाड्याची पत्रं टाकून जायचा.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण चिमाजीरावांनी तिकडून आणखी एक गोष्ट आणली होती, आणि ती माझ्या आईवर येऊन पडली.

माझी आई, सुमनबाई, त्यांच्याकडे कामाला होती. वडील गेल्यापासून. चिमाजीरावांची बायको वैजू रांगत असतानाच वारली, तेव्हा पोरीला आईनेच वाढवलं. न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन गंगेवर, गोदेच्या घाटावर, फिरवलं, गोवर आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली. स्वयंपाकघर मात्र पहिल्यापासून झुंबरकडे. आईने चुलीपाशी जायचं नाही असं त्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. ते बोलावं लागतच नाही. आम्ही बौद्ध.

नव्या बंगल्यात राहायला आल्यावर चिमाजीरावांनी आईला, झुंबरला आणि गोरक्ष माळ्याला एका ओळीत उभं केलं आणि नियम सांगितला. नोकरांनी मागच्या दाराने यायचं, मागच्या जिन्याने चढायचं. साहेब पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून किंवा दिवाणखान्यातून जायला लागले की नोकरांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. साहेब पुढे गेले की मग वळायचं. तिकडच्या मोठ्या घरांत अशीच शिस्त होती, गाइडने स्वतः सांगितलं होतं.

"हातात गरम पातेलं असलं तर?" झुंबरने विचारलं.

"तरीही."

"चटका बसंल ना साहेब."

"लॉर्डांच्या नोकरांना बसत नव्हता?"

हे आईने रात्री जेवताना हसत हसत सांगितलं, आणि माझा घास हातातच राहिला. आईच्या आजोळी, नांदगावच्या बाजूला, वाटेत पाटील समोर आला की तिच्या आज्याला कडेला सरून तोंड फिरवून उभं राहावं लागायचं. ते तिने लहानपणी स्वतः पाहिलं होतं, आणि मला दहा वेळा सांगितलं होतं. ही चाल शोधायला चिमाजीरावांनी विमानाचं भाडं भरायची काहीच गरज नव्हती. निफाडला त्यांच्याच आजोबांच्या दारात ती फुकट मिळाली असती.

"आई, उद्यापासून जायचं नाही," मी म्हणाले.

"का? तुझ्या पगारावर बसून खाऊ?"

"खा. पण भिंतीकडे तोंड करून उभी राहू नको."

"अगं, मला काय तोशीस हाय? उलट त्याचं थोबाड बघावं लागत नाय. मी त्याला पाठ करते, असं समज."

"छप्पन साली दीक्षा घेऊन आलीस ती यासाठी?"

 तिने भाकरी ताटात तशीच ठेवली. मग म्हणाली, "वैजूचं लग्न ठरतंय. तेवढं होऊ दे लता. पोरीला आई नाय. मंग एक दिवस जायची नाय मी."

 माझं मागणं एवढंच होतं की आईने ती भिंत सोडावी. आणि आई तिथे उभी होती ती चिमाजीरावांसाठी नव्हे, वैजूसाठी.

दुसऱ्याच आठवड्यात ते माझ्या वाट्याला आलं. मी शिकवणीला गेले, तर चिमाजीराव नेमके दारात. नवीन गालिचा दाखवायचा म्हणून स्वतः मला आत घेऊन निघाले. आई चिलखत पुसत होती. आमची पावलं ऐकली आणि ती फडक्यासकट भिंतीकडे वळली.

"आई, मी आहे," मी म्हणाले.

ती वळली नाही. अंबाडा, मानेवरचा घाम, ब्लाउजची उसवलेली शिवण. तिची पाठ मी आयुष्यभर बघत आले होते, धुण्यावर वाकलेली, भांड्यांवर वाकलेली. पण सरळ उभी राहून माझ्याकडे केलेली पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नियम म्हणजे नियम, बाई," चिमाजीराव खुशीत म्हणाले. "तिथे नात्यागोत्याचं काही चालत नाही. शिस्त!"

"पण तिथे लॉर्डाची आई चहा विकते म्हणालात ना?"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

वैजूला बघायला निफाडची मंडळी आली ती दिवाळीनंतर. कारभारी आप्पा, त्यांची बायको सरुबाई, आणि मागे बुजत येणारा मुलगा. द्राक्षाचे मोठे बागायतदार, जीप घेऊन आलेले. वैजूने हट्ट करून मला जवळ बसायला बोलावलं होतं, म्हणून मी दिवाणखान्यातच होते. चिमाजीरावांनी कोट घातला होता. दुपारच्या उन्हात कोट! नोकरांना त्यांनी सकाळपासून तीनदा बजावलं होतं की आज चूक झाली तर घरी जायचं.

पाहुणे उंबऱ्यावर आले आणि तिन्ही नोकर एकदम भिंतीकडे फिरले. गोरक्षने तर डोळेही मिटून घेतले.

सरुबाई जागच्या जागी थांबल्या. "हे वं काय? आमाला पाठ दाखवत्यात?"

"तसं नाही, वहिनी," चिमाजीराव लगबगीने म्हणाले. "ही इंग्लंडची रीत आहे. तिथले लॉर्ड..."

"आवो, मसणातनं माघारी निघताना पाठ करत्यात! सोयरीक करायला आलेल्या माणसाला कोण पाठ करतं?"

"घरात पाव्हणा आला तर त्याचं तोंड बघायचं न्हाई, असा रिवाज हाय का तुमच्यात?" आप्पांनी चढ्या आवाजात विचारलं. पागोटं सारखं केलं आणि ते माघारी वळायला लागले.

चिमाजीरावांचा चेहरा उतरला. इंग्लंडात पाठ म्हणजे अदब आणि निफाडात पाठ म्हणजे अपमान, हे त्यांना कुठल्याच गाइडने सांगितलं नव्हतं. खरं तर हे सांगायला गाइड लागत नाही. देवळातनं बाहेर पडतानासुद्धा आपण देवाला पाठ करत नाही, मागे मागे पावलं टाकतो. हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलंच असणार. पण लॉर्ड झाल्यावर आईचं शिकवणं कोण लक्षात ठेवतो!

"वळा! वळा रे सगळे!" कुणाला काय सांगतोय याचंही भान न राहता ते ओरडले. "सुमनबाई, वळा! पाहुण्यांना पाणी द्या आधी!"

आई वळली. मला वाटलं, बरं झालं, फजिती झाली या माणसाची, आता हा नियम मेला. मला आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. झुंबरने पाण्याचा ट्रे आधीच टेबलावर आणून ठेवला होता. आईने तो उचलला, पदर सावरला आणि आप्पांच्या पुढे गेली. तोंडभर हसून म्हणाली, "या पाव्हणं. लय लांबून आला, पाणी घ्या."

आप्पांचा राग निवळला. "ही बघा रीत," म्हणत त्यांनी हात पुढे केला. बोटं पेल्याला लागणार तेवढ्यात सरुबाईंनी विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?"

साधा प्रश्न. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेली बाईही विचारते. काय विचारलं आहे ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही.

आईने ट्रे खाली केला नाही. "आमी बाबासाहेबांच्या," ती म्हणाली.

आप्पांचा हात माघारी गेला. इतका सहज, की जणू खिशातली तपकिरीची डबीच चाचपायची होती. सरुबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. वाटंत उसाचा रस झालाय, तहान न्हाई."

चिमाजीराव त्यांच्या कानाशी लागले. मी जवळच होते, मला सगळं ऐकू आलं. "जुनी बाई आहे, वरकामाला. स्वयंपाकघरात तिचा पाय नाही हो. झुंबर, दुसरं पाणी आण."

"मंग ठीक," सरुबाई म्हणाल्या आणि कोचावर टेकल्या. पाठ दाखवल्याचा राग गेला कुठल्या कुठे! दोन्ही घरांची मनं तिथेच जुळली, पत्रिका नंतर बघितल्या. त्या क्षणी मला लॉर्डांची कीवच आली. त्यांना माणसांची तोंडं फिरवायला भिंती बांधाव्या लागल्या, नियम करावे लागले. आमच्या लोकांना भिंतही लागत नाही.

आई ट्रे घेऊन तशीच उभी होती. तिने वैजूकडे पाहिलं. तिने भरवलेली, तिने चालायला शिकवलेली वैजू. एक शब्द पुरला असता. नुसता पेला उचलला असता तरी पुरलं असतं. वैजू गालिच्याची नक्षी बघत राहिली.

आईने ट्रे टेबलावर ठेवला. आप्पांनी न घेतलेला पेला उचलला आणि त्या दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून ते पाणी स्वतः प्यायली. सावकाश, घोट घोट घेत, सगळ्यांकडे तोंड करून. झुंबर दुसरा ट्रे घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.  चिमाजीराव दोनदा खाकरले.

पेला रिकामा झाल्यावर तिने पदराने ओठ टिपले. "सुखात ऱ्हा गं बाई," ती वैजूला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चल लता."

आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो. फाटकापाशी माझ्या लक्षात आलं की ती अनवाणी आहे.

"आई, चपला?"

"त्या मागल्या दाराला हायेत," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तिकडं आता कोन जातंय."