साहेबांना आणायला

"हसायचं की रडायचं, तेवढं एकदा सांगून टाका साहेब," मी म्वालेंना म्हणाले.

पक्षाचे जिल्हाप्रमुख म्वाले विमानतळाच्या कुंपणाशी घाम पुसत उभे होते. "वरून अजून काही आलेलं नाही, एनेलेसीबाई. दोन्हीची तयारी ठेवा."

"म्हणजे अर्धं तोंड हसरं नि अर्धं रडकं?" मागून फलेसी म्हणाली. "माझं तर जन्मापासून तसंच आहे."

बायका खिदळल्या. म्वाले हसले नाहीत. हसायची परवानगीही वरून आली नसावी.

आम्ही साठ जणी सकाळपासून उभ्या होतो. बसायला जागा होती, पण कमरेच्या कापडावर अध्यक्षांचा चेहरा छापलेला, एक पुढे आणि एक नेमका मागे. त्याच्यावर बसणं म्हणजे अपमान. तीस वर्षांत माझ्या गुडघ्यांचं जे काही झालंय, ते त्या मागच्या चेहऱ्यापायी.

चार महिन्यांपूर्वी अध्यक्ष उपचारांसाठी परदेशी गेले. रेडिओ रोज सांगायचा, साहेब विश्रांती घेताहेत. बाजारातल्या मासेवाल्या सांगायच्या, केव्हाच आटोपलेत, बर्फात ठेवलेत. आणि आज पहाटे पक्षाचा ट्रक दारात आला. चला, साहेबांना आणायचंय. कसल्या अवस्थेत आणायचंय, ते कोणी सांगेना.

ते निघाले की आम्ही नाचायचं, परतले की नाचायचं, अशी रीतच. गाणं मी उचलायचं, बाकीच्यांनी मागून धरायचं. माझ्याआधी हे काम डोरिका आजीकडे होतं. एकदा भर स्वागतात तिनं कापणीचं गाणं उचललं. त्यात वाळलेलं कणीस खुडायचं कडवं होतं, आणि कुणाला तरी ते साहेबांच्या वयावर वाटलं. दोन वर्षांनी ती तुरुंगातून परत आली, पण नंतर कधी कुणाशी बोलली नाही. आता पाळी माझी होती. जिवंत माणसासमोर मयताचं गाणं उचललं तर मी गेले, आणि मेलेल्यासमोर स्वागताचं उचललं तरी मी गेलेच.

आणि खरं सांगू? खरंच शवपेटी उतरली तर मला रडू येईल का, हेही कळत नव्हतं. माझा नवरा दक्षिणेत खाणीत होता. दोन वर्षांतून एकदा बसनं यायचा. त्याला आणायला मी एकदाच जाऊ शकले. बाकी प्रत्येक वेळी मी इथं, साहेबांना आणायला. शेवटी तो पेटीतूनच आला, तेव्हाही दिरानं उतरवून घेतलं आणि मी ह्याच कुंपणाशी नाचत होते. मला हा अध्यक्ष डोळ्यांसमोर नको होता. तरी चार महिने तो दिसला नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. माझा मलाच राग येतो.

विमान उतरलं. शिडी लागली, दार उघडलं. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी म्वालेंकडे, म्वाले शिपायांकडे आणि शिपाई शिडीकडे.

"उचल की गं," फलेसी कुजबुजली.

"काय उचलू?"

"मला काय विचारतेस? पुढारीण तू!"

दारात अध्यक्ष आले. जिवंत होते. दोघांनी दंडाला धरलेलं, कोट खांद्यावरून ओघळलेला. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात, शिडी उतरताच त्यांनी दोन्ही दंड सोडवून घेतले आणि ते तडक आमच्याकडे चालत आले. तीस वर्षांत ते इतके जवळ कधी आले नव्हते. शिपाई जागच्या जागी चुळबुळले. अध्यक्षांना अडवायचं तरी कुणी?

ते माझ्या आणि फलेसीच्या मध्ये शिरले, वळले आणि आमच्यासारखेच विमानाकडे तोंड करून उभे राहिले. अंगाला औषधांचा वास येत होता.

"कोण येतंय गं, ताई?" त्यांनी मला विचारलं.

तिकडून म्वाले दोन्ही हातांनी खुणा करत होते, पण कसल्या, ते त्यांनाही माहीत नसावं.

"अध्यक्ष येताहेत, साहेब," मी म्हणाले.

"असं होय!" ते घाईघाईनं कोटाची बटणं लावू लागले. वरचं बटण खालच्या काजात गेलं. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी वाकले. "मग गप्प का तुम्ही? गा लवकर. नाहीतर धरून नेतात हं."

मी स्वागताचं गाणं उचललं. मागून बाकीच्यांनी धरलं. माझ्या शेजारी ते जोरजोरात टाळ्या वाजवत होते, आणि टाचा उंचावून विमानाच्या रिकाम्या दाराकडे बघत होते.